डबल क्लिक जमत नसेल तर: फाइल मॅनेजरमधला क्लिक आपल्या हाताला कसा बसवायचा

बाबांच्या संगणकावर ‘मारबत’ नावाचा एक फोल्डर आहे. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, तान्ह्या पोळ्याच्या दिवशीची इतवारीतली गर्दी, असे नागपूरच्या मारबत मिरवणुकीचे त्यांनी वर्षानुवर्षं काढलेले फोटो त्यात आहेत. जुन्या निगेटिव्हवरून स्कॅन करून घेतलेलेही बरेच. बाबा 76 वर्षांचे आहेत आणि त्यांचा उजवा हात थरथरतो. फोटो बघायला बसले की दहा मिनिटांत आतून हाक यायची, “काहून उघडून नाही राहिला रे हा फोटो?”

मी जाऊन बघायचो तर फोटोच्या नावाची निळी पट्टी झालेली आणि आत कर्सर लुकलुकतोय. बाबांनी दोनदा क्लिक केला होता, पण संगणकाला तो ‘नाव बदला’ असा वाटला होता. एकदा तर पिवळ्या मारबतीचा अख्खा फोल्डर ओढला जाऊन शेजारच्या फोल्डरच्या पोटात गेला आणि आम्ही तीन दिवस शोधत बसलो. तोवर मीही बाबांना “जरा लवकर लवकर दाबा ना” एवढंच सांगत होतो. ते सांगणं चुकीचं होतं. हात बदलत नाही, सेटिंग बदलते, आणि ती बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत. फक्त कोणती बदलायची हे आधी ओळखावं लागतं.

डबल क्लिक म्हणजे नेमकं काय

संगणक दोन गोष्टी मोजतो. पहिला आणि दुसरा क्लिक यांत किती वेळ गेला, आणि तेवढ्यात बाण किती सरकला. विंडोजमध्ये मूळ सेटिंगनुसार दुसरा क्लिक 500 मिलिसेकंदांच्या, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत यावा लागतो, आणि तोही पहिल्या क्लिकभोवतीच्या चार पिक्सेलच्या, म्हणजे पडद्यावरच्या चार बारीक ठिपक्यांच्या चौकटीत. लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी प्रणाली; तिच्यावरच्या ग्नोम डेस्कटॉपवर ही मुदत 400 मिलिसेकंद असते.

चार पिक्सेल म्हणजे किती? 22 इंची, 1920 पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर जेमतेम एक मिलिमीटर. थरथरत्या हाताला दोन क्लिकच्या मध्ये बाण एक मिलिमीटरच्या आत धरून ठेवायला आपण सांगत असतो. बाण त्याबाहेर गेला की दोन सुटे क्लिक धरले जातात. आधीच निवडलेल्या फाइलच्या नावावर सुटा क्लिक पडला की नाव बदलायची पट्टी उघडते. बटण दाबलेलं असतानाच बाण सरकला तर ती फाइल ओढणं ठरतं. बाबांच्या तिन्ही तक्रारींचं मूळ हेच होतं.

या दुहेरी क्लिकला फार मोठं कारणही नाही. ॲपलच्या 1983 च्या लिसा संगणकाच्या माऊसला एकच बटण होतं, आणि त्या एका बटणातून ‘निवडा’ आणि ‘उघडा’ अशी दोन कामं काढायची होती. म्हणून एक क्लिक निवडायला आणि दोन उघडायला. आज माऊसला तीन ते पाच बटणं असतात, मोबाइलवर आपण सगळं एका स्पर्शात उघडतो, तरी फाइल मॅनेजरमध्ये, म्हणजे फाइली आणि फोल्डर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ती जुनी सवय टिकून आहे.

आधी हात बघा, मग सेटिंग उघडा

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात मी शनिवारी संगणकाच्या अडचणी बघायला बसतो. डबल क्लिकची तक्रार घेऊन येणारे लोक तीन तऱ्हेचे असतात आणि तिघांचं औषध वेगळं.

पहिले बाबांसारखे, ज्यांचा हात थरथरतो. त्यांची अडचण अंतराची आहे. डबल क्लिकचा वेग कितीही कमी केला तरी बाण सरकणारच, आणि विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये वेळ बदलता येतो, अंतराची चौकट बदलायची सोय तिथे नाही. त्यांना एका क्लिकवर फाइल उघडणारी सेटिंग हवी.

दुसऱ्या म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. त्यांना बोटांचा संधिवात आहे. हात स्थिर आहे, पण बोट पुन्हा उचलायला वेळ लागतो. “दुसऱ्यांदा दाबेपर्यंत त्याचं होऊन जाते जी,” असं त्या म्हणाल्या आणि निदान तिथेच झालं. त्यांना डबल क्लिकची सवय मोडायची नव्हती. फक्त मुदत वाढवून दिली आणि काम झालं.

तिसरा अभ्यासिकेतला एक विद्यार्थी. त्याची उलटी तक्रार होती: एकदा दाबलं तरी फाइल दोनदा दाबल्यासारखी उघडते, ओढायला घेतलेली फाइल मध्येच सुटते. इथे हातही ठीक आणि सेटिंगही ठीक. माऊसच्या बटणाखालचा छोटा स्विच झिजला की एका दाबाचे दोन संकेत जातात. याला नवा माऊस किंवा नवा स्विच हाच उपाय. सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.

तिसरा प्रकार ओळखायची सोपी चाचणी विंडोजमध्येच आहे. स्टार्टमध्ये ‘माऊस’ टाइप करून माऊस सेटिंग उघडा, त्यात ‘ॲडिशनल माऊस सेटिंग्ज’ निवडा. उघडलेल्या छोट्या विंडोत ‘बटन्स’ टॅबवर डबल क्लिकच्या वेगाची पट्टी आणि शेजारी एका फोल्डरचं चित्र असतं. डबल क्लिक झाला की तो फोल्डर उघडतो किंवा मिटतो. आता त्यावर सावकाश, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबून, वीस वेळा एकेक क्लिक करा. एवढ्या संथ क्लिकने फोल्डर एकदाही हलायला नको. हलला, तर माऊस बदला.

काकूंचं कामही याच ठिकाणी झालं. पट्टी ‘स्लो’ कडे सरकवायची, फोल्डरच्या चित्रावर त्यांनाच डबल क्लिक करायला लावायचं, आणि पाचपैकी पाच वेळा फोल्डर हलेल तिथे पट्टी सोडायची. एकदम टोकाला नेऊ नका. मुदत फार लांबली तर दोन वेगवेगळ्या कामांसाठी केलेले क्लिकही डबल क्लिक धरले जातात.

विंडोजमध्ये एका क्लिकवर उघडणं

विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा (विंडोजची कळ आणि ई), वरच्या पट्टीतल्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा आणि ‘ऑप्शन्स’ निवडा. विंडोज 10 मध्ये हेच ‘व्ह्यू’ टॅबच्या उजव्या टोकाला आहे. सापडत नसेल तर स्टार्टमध्ये ‘फाइल एक्सप्लोरर ऑप्शन्स’ टाइप करा, दोन्हीकडे चालतं.

‘जनरल’ टॅबवर मधोमध ‘क्लिक आयटम्स ॲज फॉलोज’ असा चौकोन आहे. त्यात ‘सिंगल-क्लिक टू ओपन ॲन आयटम’ निवडा. त्याखाली दोन उपपर्याय जागे होतात: फाइलच्या नावाखाली रेघ कायम दाखवायची, की बाण नेल्यावरच. वयस्कर माणसासाठी मी कायम रेघ निवडतो. रेघ दिसली की हे एका क्लिकचं काम आहे हे लक्षात राहतं, शिकवावं लागत नाही. मग ‘अप्लाय’, ‘ओके’. डेस्कटॉपवरच्या चिन्हांनाही हाच नियम लागू होतो.

आता एक धोका, आणि हा भाग नीट वाचा. विंडोजच्या या पद्धतीत फाइल निवडायला क्लिक लागत नाही. बाण फाइलवर क्षणभर थांबला की ती निवडली जाते. म्हणजे तुम्ही एक फाइल निवडलीत, कीबोर्डकडे वळताना माऊसला धक्का लागून बाण दुसऱ्या फाइलवर टेकला, आणि तुम्ही डिलीटची कळ दाबलीत, तर जाते ती दुसरी फाइल. ती रिसायकल बिनमध्ये सापडते, पण गेल्याचं लक्षात तर यायला हवं. म्हणून या पद्धतीत डिलीटची कळ वापरायचीच नाही असा नियम मी घालून दिला आहे. फाइलवर राइट क्लिक करायचं आणि मेन्यूतून काढायचं. जी फाइल डोळ्यांसमोर आहे तीच जाते.

पहिल्या आठवड्यातच बाबांनी पुढचा प्रश्न विचारला: “यातले दहा फोटो पेन ड्राइव्हवर द्यायचे आहेत, ते वेगळे कसे काढू? हात लावला की उघडते.” रास्त प्रश्न होता. यासाठी ‘आयटम चेक बॉक्सेस’ चालू करा. विंडोज 11 मध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘आयटम चेक बॉक्सेस’. विंडोज 10 मध्ये ‘व्ह्यू’ टॅबवरच हा पर्याय दिसतो. आता बाण फाइलवर नेला की चिन्हाच्या कोपऱ्यात चौकट येते. तिच्यात खूण केली की फाइल निवडली जाते, उघडत नाही. दहा फोटोंच्या दहा खुणा करा आणि त्यातल्याच एकावर राइट क्लिक करून कॉपी करा. कंट्रोल कळ धरून निवडणंही जमतं, पण एक हात कळ धरायला अडकतो आणि दुसरा थरथरत असतो. चौकटी बऱ्या.

नाव बदलायला आता एफ 2 ची कळ. चुकून नाव बदललं किंवा फोल्डर दुसरीकडे ओढला गेला, तर दुसरं काहीही करण्याआधी कंट्रोल आणि झेड दाबा. एक्सप्लोररमध्ये नाव बदलणं आणि हलवणं दोन्ही मागे घेता येतात. हे मला आधी सुचलं असतं तर पिवळ्या मारबतीसाठी तीन दिवस गेले नसते.

‘बटन्स’ टॅबवरच ‘क्लिकलॉक’ नावाची आणखी एक सोय आहे. बटण क्षणभर दाबून सोडलं की ते दाबलेलंच आहे असं संगणक धरतो, पुढच्या क्लिकला सुटतं. ज्यांना बटण दाबून धरत माऊस सरकवणं अवघड जातं त्यांना मजकूर किंवा फाइली निवडताना याचा फार आधार होतो. ज्याला गरज नाही त्याच्या संगणकावर मात्र चालू करू नका, भलत्याच फाइली चिकटून फिरायला लागतात.

लिनक्स मिंट: वाचनालयातले जुने संगणक

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 न चालणाऱ्या अनेक जुन्या संगणकांवर लोकांनी लिनक्स मिंट टाकून घेतलं. आमच्या वाचनालयातही तेच केलं. त्यातल्या सिनॅमन आवृत्तीचा फाइल मॅनेजर म्हणजे निमो. क्लिकच्या बाबतीत तो विंडोजपेक्षा जास्त समजूतदार आहे असं माझं मत.

निमो उघडा, ‘एडिट’ मेन्यूतून ‘प्रेफरन्सेस’ आणि तिथे ‘बिहेवियर’. पहिलाच प्रश्न आहे: ‘सिंगल क्लिक टू ओपन आयटम्स’ की ‘डबल क्लिक’. सिंगल निवडा. इथे नुसता बाण टेकवून फाइल निवडली जात नाही, त्यामुळे वर सांगितलेला डिलीटचा धोका टळतो. निवडायचं असेल तर कंट्रोल धरून क्लिक, किंवा रिकाम्या जागेतून बटण दाबून फाइलींभोवती चौकट ओढणं.

त्याच पानावर आणखी तीन गोष्टी बघून घ्या.

थांबून दोनदा क्लिक केल्यावर नाव बदलण्याचा पर्याय बंद आहे ना, ते तपासा. डबल क्लिक ठेवणाऱ्या पण हात संथ असणाऱ्या माणसासाठी हा पर्याय चालू असणं म्हणजे रोजची कटकट.

रिकाम्या जागेवर डबल क्लिक केल्यास वरच्या फोल्डरमध्ये जाण्याचा पर्याय आहे. हात स्थिर असेल तर तो जरूर चालू करा. खोल फोल्डरमधून बाहेर यायला वरच्या कोपऱ्यातला छोटा बाण शोधावा लागत नाही. बाबांच्या संगणकावर मात्र मी तो बंद ठेवला आहे.

आणि चालवता येणाऱ्या मजकूर फाइलींचं काय करायचं, हा प्रश्न. सिंगल क्लिक निवडल्यावर हा महत्त्वाचा होतो, कारण आता चुकून लागलेला एक धक्काही एखादी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल, चालवू शकतो. तिथे ‘दर वेळी विचारा’ किंवा ‘फक्त दाखवा’ या अर्थाचा पर्याय ठेवा.

खरी मदत मात्र निमोच्या बाहेर आहे. ‘सिस्टिम सेटिंग्ज’ मधल्या ‘माऊस अँड टचपॅड’ मध्ये डबल क्लिकच्या मुदतीची पट्टी तर आहेच, पण ‘ड्रॅग-अँड-ड्रॉप थ्रेशोल्ड’ ही आहे. बटण दाबलेलं असताना बाण किती पिक्सेल सरकला म्हणजे ओढणं धरायचं, हे इथे ठरतं. थरथरत्या हातासाठी हा आकडा वाढवा. थोडा वाढवा, माणसाला पाच मिनिटं फाइली उघडायला सांगा, अजूनही ओढल्या जात असतील तर आणखी वाढवा. माझ्या अनुभवात या एका आकड्याने जेवढा त्रास कमी होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही.

केडीई आणि डॉल्फिन

लिनक्सवरच्याच केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर एका क्लिकने उघडणं हीच कित्येक वर्षं मूळ पद्धत होती. 28 फेब्रुवारी 2024 ला आलेल्या त्याच्या प्लाझ्मा 6 या आवृत्तीपासून ती डबल क्लिक झाली. जुन्या संगणकावरून नव्यावर आलेल्या माणसाला म्हणून अचानक फाइली उघडेनाशा झाल्यासारखं वाटतं. बिघाड काही नाही. ही सेटिंग डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये शोधू नका, ती अख्ख्या डेस्कटॉपची आहे. ‘सिस्टिम सेटिंग्ज’ उघडून वरच्या शोधपट्टीत ‘क्लिक’ टाइप करा. ‘जनरल बिहेवियर’ च्या पानावर फाइल किंवा फोल्डरवर क्लिक केल्यावर तो उघडावा की निवडला जावा, असे दोन पर्याय मिळतील.

एक क्लिक ठेवला की डॉल्फिनमध्ये बाण नेल्यावर चिन्हाच्या कोपऱ्यात अधिकची खूण येते, तिच्यावर क्लिक करून फाइल निवडायची. खूण बारीक आहे. डोळे आणि हात दोन्ही थकलेले असतील तर तिचा नाद सोडा आणि स्पेस बार दाबा. डॉल्फिन 22.12 पासून त्यात ‘सिलेक्शन मोड’ आहे. स्पेस दाबला की वर पट्टी येते आणि तोवर प्रत्येक क्लिक फक्त निवडतो, काहीच उघडत नाही. काम झालं की बाहेर पडायचं. दहा फोटो वेगळे काढण्याच्या बाबांच्या प्रश्नाला मी पाहिलेलं हे सर्वांत नेटकं उत्तर आहे, आणि प्रत्येक फाइल मॅनेजरमध्ये ते असायला हवं होतं.

अलीकडच्या आवृत्त्यांत डॉल्फिनच्या रिकाम्या जागेवर डबल क्लिक केल्यास काय व्हावं हेही ठरवता येतं. न बदलल्यास सगळ्या फाइली निवडल्या जातात. डॉल्फिनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ‘व्ह्यू’ विभागात ते सापडेल. सगळं निवडलं जाणं धोक्याचं वाटत असेल तर तिथे दुसरी क्रिया निवडा.

बाकीचे फाइल मॅनेजर

उबुंटू या लिनक्सवर ग्नोमचा ‘फाइल्स’ असतो. त्याच्या मेन्यूतून ‘प्रेफरन्सेस’, तिथे ‘ॲक्शन टू ओपन आयटम्स’ मध्ये सिंगल किंवा डबल क्लिक. डबल क्लिकची मुदत मात्र मुख्य सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ खाली ‘पॉइंटिंग अँड क्लिकिंग’ मध्ये आहे.

लिनक्सच्या एक्सएफसीई डेस्कटॉपचा थुनार: ‘एडिट’, ‘प्रेफरन्सेस’, ‘बिहेवियर’. सिंगल क्लिक निवडला की खाली एक सरकपट्टी जागी होते, बाण किती वेळ थांबला म्हणजे फाइल निवडायची याची. ती डाव्या टोकाला नेली की बाण टेकवून निवडणं बंद होतं. तिथेच ठेवा, कारण डिलीटच्या कळेचा तोच धोका इथेही आहे. फार जुन्या संगणकांवरच्या पीसीमॅनएफएम मध्ये हा पर्याय ‘प्रेफरन्सेस’ च्या ‘जनरल’ पानावर मिळेल.

मधल्या चाकाचा क्लिक लोक विसरतात. डॉल्फिन, निमो आणि ग्नोमच्या फाइल्समध्ये फोल्डरवर चाक दाबलं की तो नव्या टॅबमध्ये उघडतो. थुनारमध्ये नवी विंडो की नवा टॅब हे ‘बिहेवियर’ मध्ये ठरवता येतं. अंगठ्याजवळ दोन जादा बटणं असलेला माऊस असेल तर त्यांनी मागच्या-पुढच्या फोल्डरमध्ये जाता येतं. ज्याचं बोट दुखतं पण अंगठा ठीक आहे त्याच्यासाठी असा माऊस खरंच घेण्यासारखा आहे.

घरात एकच संगणक असेल तर

बाबांची सेटिंग बदलली त्याच संध्याकाळी माझी मुलगी तक्रार घेऊन आली, की नुसतं निवडायला गेलं तरी फाइली उघडतात. तिचंही बरोबर होतं. वर सांगितलेल्या क्लिकच्या सेटिंग वापरकर्त्याच्या खात्यापुरत्याच असतात, विंडोजमध्येही आणि लिनक्समध्येही. म्हणून बाबांचं वेगळं खातं काढलं. ‘मारबत’ फोल्डर त्या खात्यात हलवला आणि एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवली. विंडोजमध्ये एका क्लिकची सेटिंग पूर्ववत करायची झाली तर त्याच ‘जनरल’ टॅबवर ‘रिस्टोअर डिफॉल्ट्स’ चं बटण आहे, पण ते तुमच्या खात्यातच दाबा, त्यांच्या नाही.

खातं वेगळं केल्यावर पहिले चार दिवस त्यांच्या शेजारी बसा. इतक्या वर्षांची सवय असलेला माणूस एका क्लिकच्या संगणकावरही दोनदाच दाबतो, आणि मग एकच फोटो दोन विंडोंत उघडतो किंवा दुसरा क्लिक नुकत्याच उघडलेल्या फोटोवर पडतो. आम्ही पडद्याच्या खालच्या काठाला जाड अक्षरांत ‘एकदाच’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. पाचव्या दिवशी बाबांनी ती स्वतःच काढली.